आठ, आणि आमची ही

हेस्टर प्लमलीचा आवाज तिच्या अंगापेक्षा मोठा होता, हे आधीच सांगून टाकतो. बाई उभी राहिली तर जेमतेम माझ्या छातीला लागायची. हिवाळी कोटासकट उचलून खांद्यावर टाकली असती तरी जड झाली नसती, अर्थात तसं करायची कुणाची छाती नव्हती. जन्मभर तिनं एकच नोकरी केली. शाळेसमोरच्या रस्त्यावर पिवळा कोट घालून, हातात गोल पाटी धरून गाड्या थांबवायच्या आणि मुलांना पलीकडे पोचवायचं. पाटी बघून थांबणारे ड्रायव्हर कमी, तिचा आवाज ऐकून थांबणारे जास्त. एकदा तिनं चक्क प्रेत नेणारी काळी गाडी थांबवली, आणि चालकानं भुवया उंचावल्या तेव्हा त्याला सुनावलं, की आतल्या माणसाला आता कसलीच घाई नाही, तुला कसली आहे.

तिचा नवरा क्लिफ दारूच्या कारखान्यात ट्रक चालवायचा, बिअरची पिंपं गुत्त्यांवर पोचवायचा. आणि रविवारी आमच्या क्लबात वल्हवायचा. थेम्सच्या काठावर आमचा क्लब आहे, पुलापासून थोडा वर. भरतीचं पाणी तिथवर येतं आणि ओहोटीबरोबर परत जातं, आणि आमचं सगळं आयुष्य त्या येण्याजाण्याच्या तालावर चालतं. माझी बायको म्हणायची, तुला माझा वाढदिवस आठवत नाही, भरतीची वेळ मात्र झोपेत विचारली तरी सांगशील. खरं होतं ते, म्हणून मी वाद घातला नाही.

मी डेन्झिल. नळ-पायपांची कामं करून निवृत्त झालो, आणि बोटीत सहाव्या जागेवर बसतो. म्हाताऱ्यांची बोट आहे ती, आठ वल्ह्यांची, सगळे साठीच्या पुढचे. वल्हवणारे आम्ही सगळे उलटे बसतो, म्हणजे बोट जिकडे जाते तिकडे आमची पाठ. पुढचं दिसतं ते फक्त मागच्या टोकाला सुकाणू धरून बसलेल्या नवव्या माणसाला. ते माणूस म्हणेल तसं करायचं. आणि आठव्या जागेवरचा जो असतो तो त्या नवव्याच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघे लागतील इतका जवळ, तोंडासमोर तोंड करून. ती आठवी जागा क्लिफची.

एका वर्षी आमच्या सुकाणूवाल्या पोराला गालफुगी झाली, आणि क्लिफ म्हणाला, आमच्या हिला आणतो, हलकी आहे आणि ओरडते छान. हेस्टरनं तोवर बोटीत पायही ठेवला नव्हता. ती आली, बसली, आणि पहिल्या वळणाच्या आत तिनं आम्हा आठही जणांची लाज काढली. माझ्या वल्ह्याला तिनं पळीची उपमा दिली. त्यानंतर त्या जागेवर दुसरं कुणी बसलं नाही. तीसएक वर्षं झाली असतील.

गंमत म्हणजे घरात ही दोघं एकमेकांशी फारसं बोलायची नाहीत. भांडण वगैरे नाही. तो पेपराआड, ही विणकामाआड. हेस्टर एकदा माझ्या बायकोला म्हणाली होती, की क्लिफचं तोंड मला धड दिसतं ते बोटीतच, घरी आम्ही कडेकडेनं वावरतो.

आता मोजणीचं सांगतो. आमच्या नदीत नियम असा, की बोट उलटली तरी बोट सोडायची नाही. ओहोटीचं पाणी जोरात ओढतं. बोट धरून राहिलेला माणूस बचाव करणाऱ्यांना दिसतो, सुटलेला माणूस पुलाखालून कधी गेला ते कळतसुद्धा नाही. आणि वर आल्यावर पहिलं काम मोजणी. पहिल्यानं एक म्हणायचं, दुसऱ्यानं दोन, असं आठपर्यंत, आणि शेवटी सुकाणूवालीनं आपलं बोलायचं. ज्याचा आवाज आला नाही तो बोटीखाली अडकलाय असं धरून चालायचं. पाण्यात गडबड होऊ नये म्हणून रोज निघायच्या आधी काठालाच मोजणी करतो आम्ही. जिभेला सवय हवी.

हेस्टर त्या वेळी सुकाणूच्या दोऱ्या चाचपत असायची, नदीत कोण येतंय जातंय ते बघत असायची. म्हणून तिचं बोलून टाकायचा क्लिफ. "आठ, आणि आमची ही," असं तो म्हणायचा. दरवेळी तेच. आम्ही दरवेळी हसायचो, तो विनोद होता म्हणून नाही, तर आता निघायचं, एवढाच त्याचा अर्थ होता म्हणून. आमचा दोन नंबरचा एका कानानं ठार बहिरा, पण तोही एवढं ऐकून वल्हं सरसावायचा.

नोव्हेंबरात क्लिफ गेला. चहाचं पाणी ठेवायला उठला, ओट्यापाशी खाली बसला, आणि संपलं. अंत्यविधीला मला रडू कोसळेल म्हणून बायकोनं माझ्या खिशात जास्तीचा रुमाल कोंबला होता. कोरडा परत आणला. मला काही वाटतच नव्हतं. इतक्या वर्षांचा मित्र पेटीत होता आणि मी विचार करत होतो की चर्चच्या रेडिएटरची झडप बदलायला झालीय. हेस्टर तर सँडविचची थाळी घेऊन प्रत्येकापुढे जात होती. माझ्यापुढे आली आणि म्हणाली, यात मोहरी जास्त झालीय, क्लिफला चालली नसती. मी म्हटलं, मला चालते. ती बरं म्हणाली आणि पुढे गेली.

पुढच्या रविवारी ती नेहमीच्या वेळेला बोटघरात हजर. आम्ही सगळे पायांकडे बघत उभे. तिनं लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे ओढले आणि विचारलं, "आठवर कोण?"

आठवर नेव्हिल बसला. आमचा राखीव गडी. आयुष्यभर दोनमजली बस चालवलेला, हो आणि नाही यापलीकडे शब्द खर्च न करणारा. क्लिफसारखा जोर नव्हता त्याच्यात, पण ताल पक्का होता. कुणीतरी बसायलाच हवं होतं.

तो सगळा हिवाळा असा गेला की त्यातलं वेगळं काढून सांगण्यासारखं काही नाही. हेस्टर बोट बिनचूक न्यायची. कुठल्या वळणावर प्रवाह कुठं धावतो, नांगरलेल्या पडावांपासून किती लांब राहायचं, सगळं जिथल्या तिथं. पण शिव्या बंद झाल्या. सात नंबरचा तिनं सांगितलेलं विसरला तरी ती नुसतं म्हणायची, सात, उशीर होतोय. पूर्वी तिनं त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. आम्ही म्हातारे इतके कासावीस झालो त्या सभ्यपणानं, की पाच नंबरचा मुद्दाम वल्हं चुकवायला लागला. तिनं ढुंकून पाहिलं नाही.

आणि नेव्हिलकडे ती बघायचीच नाही. समोर बसलेला माणूस, हात पुढे केला तर नाक लागेल, आणि हिची नजर त्याच्या डाव्या खांद्यावरून पार नदीत. मोजणीला नेव्हिल म्हणायचा, "आठ." मग शांतता. ती थांबायची. आम्हीही थांबायचो. अंधारात जिन्याची आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं व्हायचं मला दरवेळी. मग ती म्हणायची, चला. स्वतःचं ती कधी बोललीच नाही. कधी बोलली नव्हतीच म्हणा, तिचं बोलणारा दुसरा होता.

कपडे बदलताना एकदा नेव्हिल मला म्हणाला, ती माझ्याकडे बघत नाही. मी म्हटलं, बघण्यासारखं काय आहे बाबा तुझ्यात. तो हसला नाही. बूट बांधून झाल्यावर म्हणाला, "पाण्यात काही झालं तर मी बोललेलं तिला ऐकू जाईल का, एवढंच मला कळत नाही."

हे आमच्या कप्तानाच्याही ध्यानात आलं होतं. इमोजेन तिचं नाव, तिशीतली पोरगी, इस्पितळात लोकांचे गुडघे आणि खांदे सरळ करायचं काम करते. क्लबाची सुरक्षाही तिच्याकडे. वल्हवणाऱ्याचे पाय बोटीतच पक्क्या बसवलेल्या बुटांत असतात आणि त्या बुटांना टाचेशी एक दोरी असते, बोट उलटली की पाय बुटातून सुटावा म्हणून. ती प्रत्येक दोरी इमोजेन स्वतः ओढून बघते. सैल निघाली तर बोट बाहेर काढू देत नाही, मग तुम्ही कितीही जुने सभासद असा. माझी दोरी दोनदा निघाली सैल. मला राग आला होता, पण तिचं बरोबर होतं.

फेब्रुवारीत तिनं हेस्टरला बोटींच्या मांडणीपाशी बाजूला घेतलं. मी तिथंच माझ्या वल्ह्याच्या कडीचा नट आवळत होतो, आणि तो लवकर आवळून होऊ नये याची काळजी घेत होतो.

"तुम्ही तुमचं बोलत नाही मोजणीत," इमोजेन म्हणाली.

"आठ जण मोजते की."

"आणि नववं माणूस?"

"मी बोटीत आहे हे मला ठाऊक आहे, पोरी."

"तुम्हाला ठाऊक असून काय उपयोग? बाहेरच्याला कळायला हवं." मग इमोजेननं आवाज खाली आणला. मार्चातल्या शर्यतीपर्यंत नववा आवाज आला नाही, तर सुकाणूवर कॉलेजमधली एक मुलगी बसवावी लागेल असं तिनं सांगितलं. तिला ते सांगताना कसं वाटत होतं ते तिच्या मानेवर लाल डाग उठले त्यावरून दिसत होतं. हेस्टर नुसतं बरं म्हणाली.

मी तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो. बस लांबून दिसायला लागली तेव्हा म्हणाली, "डेन्झिल, ही जागा काढून घेतली तर रविवारी मी कुठं बसू?" आवाजात काही नव्हतं. जणू मला विचारत होती ही बस बाजाराकडे जाते का. बस आली आणि ती चढली.

म्हाताऱ्यांची शर्यत मार्चात असते. ओहोटी लागली की बोटी एकामागून एक सोडतात, वरच्या पुलापासून खाली शहराच्या दिशेनं. त्या दिवशी वारा पूर्वेचा होता, म्हणजे आमच्या नदीत सगळ्यांत वाईट. ओहोटी पाण्याला एकीकडे ओढते आणि वारा त्याला उलट रेटतो, मधल्या मध्ये पाणी उभं राहतं. सकाळी इमोजेननं सगळ्यांना दिवाणखान्यात उभं करून सूचना दिल्या. वाट बघताना काठ धरून राहा, टोप्या काढू नका, लाल झेंडा दिसला की आहात तिथं थांबा, बोट पाण्यानं भरली तरी बोट सोडू नका. नऊ आवाज ऐकल्याशिवाय मोजणी पुरी झाली असं म्हणू नका. शेवटचं वाक्य म्हणताना ती छताकडे बघत होती, आणि हेस्टर आपल्या हातमोज्यांकडे.

बोट पाण्यात उतरवली. इमोजेन गुडघाभर बुटांनी पाण्यात उभी, बोटीचं टोक धरून. "मोजा," ती म्हणाली. एक. दोन नंबरच्याला ऐकू गेलं नाही, त्याला मागून ढोसलं, मग दोन. तीन, चार, पाच. सहा मी. सात. "आठ," नेव्हिल म्हणाला.

शांतता. हेस्टरनं तोंड उघडलं. मी तिला बघत होतो, सात आणि आठच्या पाठींमधून तिचा चेहरा मला दिसतो. ओठ हलले, मिटले. मग तिनं हात वर केला, शाळेतल्या मुलासारखा.

"पाण्यात हात दिसत नाही, हेस्टर," इमोजेन म्हणाली.

मागे तीन बोटी खोळंबल्या होत्या. काठावरचा पंच आमचा नंबर घेऊन भोंग्यातून कोकलत होता, ओहोटी काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. इमोजेननं आम्हा आठ थेरड्यांकडे बघितलं, आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. काय करणार होती बिचारी? "आल्यावर बोलू," ती म्हणाली आणि तिनं बोट ढकलली.

सुरुवातीला वाट बघण्यातच आमची हाडं गोठली. हाताची बोटं माझी मला जाणवेनात. पण सुटलो तेव्हा चांगले सुटलो. आणि हेही सांगायला हवं, की हेस्टरनं त्या दिवशी जी बोट नेली तशी मी कुणाला नेताना पाहिलेली नाही. लाटा कुठं कमी आहेत ते तिला जणू वासानं कळत होतं. पुढे जे झालं त्यात तिच्या हाताचा दोष नव्हता, कुणी तसं म्हणालं तर मला ऐकून घ्यायचं नाही.

दुसऱ्या पुलानंतर नदी वळते आणि वारा सरळ बोटीच्या तोंडावर येतो. तिथं पाणी उभंच होतं. एक लाट कडेवरून आत आली, मग दुसरी, मग मोजायचं कारण उरलं नाही. मांड्यांपर्यंत पाणी. हेस्टर म्हणाली, थांबा. लांब कुणीतरी लाल झेंडा हलवत होतं, आमच्या पुढेही बोटी भरल्या असणार. आम्ही तसेच बसून राहिलो असतो तर बोट तरंगत राहिली असती. पण तीन नंबरचा घाबरून उठायला गेला आणि बोट कलंडली.

थंड म्हणजे काय असतं ते मला वाटायचं मला माहीत आहे. गोठलेले पाइप फोडून दुरुस्त करण्यात माझी उमर गेली. पण छातीतला श्वासच बाहेर यायला तयार नाही, असं कधी झालं नव्हतं. टाचेची दोरी ताणली गेली आणि पाय बुटातून सुटला. मनातल्या मनात इमोजेनचे पाय धरले मी. वर आलो, बोटीचं बूड हाताला लागलं, ते धरलं.

"मोजा." हेस्टरचा आवाज. भोंग्याची गरज नव्हती त्याला.

"एक." मग थांबलो सगळे, आणि दोन नंबरचा स्वतःहूनच ओरडला, दोन. तीन, चार, पाच. सहा, मी म्हटलं, दात वाजत असताना जमेल तसं. सात. "आठ," नेव्हिल म्हणाला.

मग काही नाही. पाणी बोटीवर आपटत होतं तेवढं.

"एक कमी आहे," हेस्टर म्हणाली.

मी म्हटलं, हेस्टर, झाले आठ. तिनं पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा एकापासून आठपर्यंत सगळे आवाज आले, आणि पुन्हा त्यापुढे ती शांतता.

"एक कमी आहे. क्लिफ वर आलेला नाही."

मी त्या गारठ्यात होतो, आणि तरी मला आत कुठंतरी त्याहून गार काही लागलं. आणि तेवढ्यात, जी बाई तीस वर्षं आम्हाला बजावत आली की मेलात तरी बोट सोडू नका, तिनं बोट सोडली. तिला बोटीखाली जायचं होतं. अंगातलं लाइफ जॅकेट तिला खाली जाऊ देईना, ती पाण्यावर हात मारत राहिली, आणि ओहोटीनं तिला उचललं. हातभर लांब. मग दोन हात.

नेव्हिल तिच्या सगळ्यांत जवळ. त्यानं एका हातानं बोटीला जोडलेली, वल्हं अडकवायची लोखंडी दांडी पकडली होती. ती सोडली नाही. तसाच लांब झाला, तोंड पाण्यात गेलं, आणि दुसऱ्या हातानं त्यानं तिच्या जॅकेटचा मागचा पट्टा धरला. ती त्याला लाथा मारत होती. सोड मला, तो खाली आहे, सोड, असं म्हणत होती, ओरडत नव्हती, नुसतं म्हणत होती.

"हेस्टर, इकडे बघ," नेव्हिल म्हणाला. "क्लिफ या बोटीत नव्हता. मी होतो. मी वर आलोय."

मी मधे एक माणूस सोडून होतो, मला दिसलं. तिनं मान वळवली आणि बघितलं. खांद्यावरून नाही, त्याच्याकडे. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. बराच वेळ बघत राहिली, म्हणजे मला तरी तो बराच वाटला.

"नेव्हिल," ती म्हणाली. "तुझे ओठ निळे पडलेत."

"हो."

"मग कमी कोण आहे?"

"कुणी नाही. तुझं बोलायचं राहिलंय."

ती काही बोलली नाही. लाथा मारायची मात्र थांबली, आणि नेव्हिलनं तिला ओढून दांडीपाशी आणलं. बचावाची मोटारबोट आली तेव्हा तिच्यावरच्या पोरानं विचारलं, सगळे आहेत का. हेस्टरनं तोंड उघडलं नाही. मी म्हटलं, नऊ.

क्लबात आम्हाला चांदीच्या कागदात गुंडाळून रेडिएटरला लावून बसवलं. हातात चहा, आणि तो सगळ्यांच्या हातातून सांडत होता. इमोजेन हेस्टरसमोर खाली बसून तिचे पाय चोळत होती. पाय चोळता चोळताच म्हणाली, "तुम्ही बोट सोडलीत."

"हो."

"मला तुम्हाला बसवता येणार नाही आता."

"नको बसवूस," हेस्टर म्हणाली. मग तिनं कप खाली ठेवला आणि ती रडायला लागली. सुंदर वगैरे नाही, नाक गळत होतं, हुंदक्यांनी तो चांदीचा कागद खुळखुळत होता. तिनं माझ्याकडे हात केला, रुमाल दे म्हणून. मी खिशातला काढून दिला, तो नदीनं आधीच भिजवलेला. तिनं तो पिळला आणि त्यातच नाक पुसलं. मलाही रडू आलं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. त्या हिवाळ्यात मला पहिल्यांदाच काही वाटलं होतं.

कॉलेजची मुलगी आमच्या सुकाणूवर आली. गुणी पोर, पण आम्हाला 'प्लीज' म्हणायची. हेस्टर दर रविवारी काठावर यायची, आमचे कोट सांभाळायची, आम्ही परत आलो की ते हातात द्यायची. क्लिफचा कोट जिथं असायचा त्या खुंटीवर ती नेव्हिलचा अडकवायला लागली होती.

मे महिन्यात एका रविवारी ती लाइफ जॅकेट घालूनच आली. इमोजेननं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कॉलेजच्या मुलीला बाजूला हो म्हणून खूण केली. मग पाण्यात उतरून तिनं बोटीचं टोक धरलं, नेहमीसारखं, पण यावेळी दोन्ही हातांनी.

मोजणी सुरू झाली. एक. दोन, वेळेवर. तीन, चार, पाच, सहा, सात.

"आठ," नेव्हिल म्हणाला.

आणि थांबली गाडी. तीच पायरी. तिच्याऐवजी मीच काहीतरी बोलून टाकणार होतो, तोंडापर्यंत आलं होतं, पण दातांखाली जीभ धरून बसलो. इमोजेन हलली नाही. हेस्टर सरळ नेव्हिलच्या तोंडाकडे बघत होती.

"आणि मी," ती म्हणाली.

हळूच म्हणाली, पण पलीकडच्या काठावर कुत्रं फिरवणाऱ्या माणसानंही मान वळवली असती. इमोजेननं बोट ढकलली आणि तोंड फिरवून उभी राहिली. आम्ही वल्ही सरसावली.

"नेव्हिल, पाठ सरळ," हेस्टर म्हणाली. "आणि दाढी करून येत जा मेल्या, मला तुझ्यासमोर बसावं लागतं."